टॅटू आर्टिस्टने कला कुठे शिकावी? अनुभवाने तपासलेले चार मार्ग

टॅटू आर्टिस्ट होऊ इच्छिणारी मुले-मुली आणि त्यांचे पालक मला सर्वाधिक वेळा विचारतात ते यंत्राविषयी किंवा शाईविषयी नव्हे, तर शिक्षणाविषयी. आधी कला महाविद्यालयात प्रवेश घ्यावा, टॅटूचा एखादा अल्पमुदतीचा अभ्यासक्रम करावा, की सरळ एखाद्या स्टुडिओत उमेदवारी धरावी? या तिन्ही मार्गांनी मी स्वतः गेले आहे. चार वर्षांची ललित कलेची पदवी, त्यानंतर सहा आठवड्यांचा टॅटू अभ्यासक्रम, त्यानंतर दीड वर्षाची उमेदवारी आणि या सर्वांच्या जोडीला वेळोवेळी घेतलेले ऑनलाइन वर्ग, असा माझा क्रम होता. गेली बारा वर्षे मी त्वचेवर काम करते आहे आणि त्यांपैकी अलीकडची पाच वर्षे माझ्या हाताखाली उमेदवारही शिकत आहेत. त्यामुळे कोणत्या शिक्षणातले काय आजही रोज उपयोगी पडते आणि काय वाया गेले, हे आता पुरेशा खात्रीने सांगता येईल.

माझे मत आधीच मांडते. कला महाविद्यालयाकडून टॅटू शिकण्याची अपेक्षा धरू नये. खोडता न येणारी रेघ आणि वळणाऱ्या शरीरावर नीट बसणारे चित्र, या दोन गोष्टी जिथे रोज आणि कोणाच्या तरी देखरेखीखाली कराव्या लागतात, ते शिक्षण निवडावे. यंत्र, सुया, स्वच्छता आणि ग्राहकाशी वागणे हे सारे स्टुडिओत शिकता येते, किंबहुना तिथेच शिकावे लागते. परंतु रेखाटन कच्चे असलेल्या उमेदवाराला समोर बसवून रेखाटन शिकवण्याइतका वेळ चालत्या स्टुडिओत कोणाकडेही नसतो.

रेघेवर एवढा भर का, हे त्वचेकडे पाहिले की कळते. त्वचेचा सर्वांत वरचा थर, म्हणजे एपिडर्मिस, शरीराच्या बहुतेक भागांवर मिलिमीटरच्या जेमतेम दहाव्या हिश्श्याइतका जाड असतो आणि तो सतत झडून नव्याने तयार होत असतो. शाई त्याच्या खालच्या डर्मिसमध्ये पोचली तरच टिकते, म्हणून सुई साधारण एक ते दोन मिलिमीटर आत जावी लागते. ती उथळ राहिली तर जखम भरताना रेघ तुटक होते. फार खोल गेली तर शाई खालच्या चरबीत पसरते आणि रेघेभोवती निळसर धुके उमटते. आमच्या व्यवसायात याला ब्लोआउट म्हणतात आणि ते पुसता येत नाही. यंत्र ही सुई सेकंदाला शंभराच्या आसपास वेळा खालीवर करत असते, एका हाताने त्वचा ताणून धरलेली असते आणि दुसऱ्या हाताला त्याच वेळी एका गतीने पुढे सरकायचे असते. हात रेंगाळला तर त्वचा सोलवटते, घाईने सरकला तर रेघेऐवजी ठिपके पडतात. रेघ कुठून निघून कुठे संपणार याचा विचार करायला यंत्र सुरू झाल्यावर सवडच उरत नाही. तो विचार आधीच हातात मुरलेला असावा लागतो, आणि हे मुरवण्याचे काम कला-शिक्षणाचे आहे.

पदवीच्या काळात मला सर्वाधिक लाभलेला विषय माझ्या आवडीचा नव्हता. रंगचित्रणाच्या वर्गात जागा उरली नाही म्हणून मला मुद्राचित्रण, म्हणजे पाटी किंवा ठसा कोरून त्यावरून छाप काढण्याची कला, घ्यावे लागले. एचिंगच्या पहिल्या तासाला सरांनी प्रत्येकाच्या हातात तळहाताएवढी जस्ताची पाटी दिली. पाटीवर मेणासारखा काळपट थर चढवलेला होता. टोकदार सुईने तो थर ओरखडून काढायचा, मग पाटी आम्लात ठेवायची, म्हणजे जिथे धातू उघडा पडला असेल तिथे आम्ल तो खाते आणि तिथे शाई धरणारी रेघ तयार होते. मी नेहमीच्या सवयीने चार-पाच बारीक, चाचपडत्या रेघांनी एका पानाची कड शोधत गेले. छाप काढल्यावर त्या चाचपडण्यातली प्रत्येक रेघ कागदावर उमटली होती. सरांनी एवढेच विचारले, "यातली तुझी रेघ कोणती?" चुकलेली रेघ काढून टाकायची तर धातू खरवडून आणि घासून सपाट करावा लागतो, आणि इंचभर रेघेसाठी माझी अख्खी दुपार गेली. तिसऱ्या आठवड्यापर्यंत मी पाटीला सुई लावण्याआधी हवेतच एकदा हात फिरवून पाहू लागले होते. आजही स्टॅन्सिल, म्हणजे चित्राचा कच्चा ठसा, त्वचेवर उमटवल्यावर, यंत्र सुरू करण्याआधी, मी प्रत्येक लांब रेघेवरून हात असाच कोरडा फिरवते. माझ्या उमेदवारांनाही ते करायला लावते.

मुद्राचित्रण आणि टॅटू यांचे हे नाते माझ्यापुरते नाही, ते इतिहासातच आहे. जपानमध्ये उतागावा कुनियोशी यांनी १८२७ पासून काढलेल्या लाकडी ठशांच्या चित्रमालिकेत चिनी कथेतील वीर अंगभर गोंदलेले दाखवले होते, आणि त्या चित्रांनी तिथल्या शहरी लोकांत अंगभर गोंदवून घेण्याची मोठी आवड निर्माण केली. लाकडी ठसे कोरणारा कारागीर आणि त्वचेवर गोंदणारा कारागीर, दोघांनाही 'होरिशी' असेच म्हणत. 'होरी' म्हणजे कोरणे, आणि जपानी परंपरेतले टॅटू गुरू आजही आपल्या व्यावसायिक नावाची सुरुवात 'होरी'ने करतात. पाश्चात्त्य बाजूलाही असाच धागा सापडतो. न्यूयॉर्कमधील सॅम्युअल ओरायली यांनी टॅटूच्या विद्युत यंत्राचे पेटंट १८९१ मध्ये घेतले, आणि त्या यंत्राचे मूळ एडिसन यांच्या १८७६ च्या विद्युत लेखणीत आहे. कागदाला सुईने बारीक भोके पाडून त्यातून मजकुराच्या अनेक प्रती काढण्यासाठी ती लेखणी बनवली गेली होती. आपण हातात धरतो ते यंत्र मुळात प्रती काढण्याच्या साधनाचे वंशज आहे, हे मुद्राचित्रणाच्या विद्यार्थ्याने अवश्य लक्षात ठेवावे.

एड हार्डी यांचे शिक्षण या संदर्भात मला फार बोलके वाटते. कॅलिफोर्नियात वाढलेल्या या कलाकाराने सॅन फ्रान्सिस्को आर्ट इन्स्टिट्यूटमधून १९६७ मध्ये मुद्राचित्रणात पदवी घेतली. पुढच्या शिक्षणासाठी येल विद्यापीठाचे दार उघडे असताना ते टॅटूकडे वळले, आणि १९७३ मध्ये जपानमध्ये जाऊन तिथल्या गुरूंकडे शिकले. त्यांनी पदवी टाकून दिली असे काही जण सांगतात, पण त्यांच्या कामाकडे पाहिले तर पदवीतली रेघ शेवटपर्यंत त्यांच्या हातात राहिली हे स्पष्ट दिसते. त्यांच्या त्या जुन्या कला संस्थेने मात्र २०२२ मध्ये पदवीचे वर्ग बंद केले. संस्थेचे नाव कितीही मोठे असले, तरी प्रवेश घेण्याआधी तिची आजची स्थिती, आजचे शिक्षक आणि आज चालू असलेल्या कार्यशाळा पाहाव्यात, हे मी त्यावरून शिकले. पत्रकात मुद्राचित्रण विभागाचा उल्लेख असतो, पण प्रत्यक्षात छपाईचे दाब-यंत्र कित्येक महिने कापडाखाली झाकलेले असते, असेही मी पाहिले आहे.

दुसरा अमूल्य विषय मानवाकृतीच्या रेखाटनाचा. इथे बहुतेक विद्यार्थी चूक करतात ती अशी, की समोरच्या मॉडेलची बाह्यरेषा चांगली आली म्हणजे काम झाले असे ते मानतात. आमच्या बाईंनी बाह्यरेषा काढायला पहिला महिनाभर बंदीच केली होती. दंडावर, पोटरीवर, बरगड्यांवर आडवी पट्टी गुंडाळली आहे असे समजून केवळ त्या पट्ट्या काढायच्या, असा सराव होता. त्याचा अर्थ मला स्टुडिओत उमगला. कोणीही स्वतःच्या हातावर करून पाहावे: तळहात वर ठेवून मनगटापासून कोपरापर्यंत पेनाने एक सरळ रेघ ओढावी आणि मग तळहात खाली वळवावा. रेघ पिळवटून जाते, कारण हाताच्या दोन हाडांपैकी एक दुसऱ्यावरून फिरते आणि वरची त्वचा तिच्याबरोबर ओढली जाते. ग्राहकाला टेबलावर हात पसरायला लावून त्याच स्थितीत स्टॅन्सिल चिकटवले, तर तो उभा राहून हात सहज सोडेल तेव्हा चित्रातला साप मोडलेला दिसतो. म्हणून स्टॅन्सिल ग्राहक उभा असताना, हात नैसर्गिक स्थितीत असताना लावायचे. पण ते कुठे लावायचे आणि चित्र मुळातच कसे आखायचे, याचे उत्तर देणारी नजर मानवाकृतीच्या वर्गातच तयार होते. शरीररचनाशास्त्राचा जो अभ्यासक्रम केवळ हाडे आणि स्नायूंची नावे पाठ करून घेतो, त्याचा इथे उपयोग नाही. जो वळणारे, वाकणारे शरीर काढायला लावतो, त्याचा आहे.

रंगाच्या बाबतीत मात्र कला महाविद्यालयाने मला अर्धेच शिकवले, आणि उरलेल्या अर्ध्यामुळे माझ्या हातून चुका झाल्या. तिथे रंग पांढऱ्या कागदावर शिकवतात. त्वचेत शाई डर्मिसमध्ये असते आणि तिच्यावर मेलॅनिन, म्हणजे त्वचेला वर्ण देणारे द्रव्य, असलेला एपिडर्मिस असतो, म्हणजे प्रत्येक रंग आपण एका रंगीत काचेआडून पाहत असतो. कागदावर उठून दिसणारा फिका पिवळा किंवा फिका निळा गडद वर्णाच्या त्वचेत बुडून जातो, तर गडद लाल, गडद हिरवा, काळा आणि मोकळी सोडलेली त्वचा यांचा मेळ सुंदर बसतो. हे मला महाविद्यालयात कोणी सांगितले नाही. पण एका वर्गात आम्ही तपकिरी आणि राखी कागदावर काम करत असू. कागदाचा रंग हीच मधली छटा धरायची, तिच्यापेक्षा गडद तेवढे शाईने आणि उजळ तेवढे खडूने काढायचे. तो सराव गडद त्वचेवरच्या कामाची उत्तम पूर्वतयारी ठरला. ज्या संस्थेत रंगीत कागदावरचे रेखाटन अभ्यासक्रमात आहे, तिला मी त्या एका कारणासाठीही झुकते माप देईन.

अक्षरलेखन हा विषय अनेक जण क्षुल्लक समजून सोडतात. टॅटूच्या व्यवसायात नाव, तारीख, ओळ असे अक्षरांचे काम सतत येते. त्वचेतली शाई वर्षानुवर्षे थोडी पसरतेच, त्यामुळे अक्षराच्या पोटातली पोकळी लहान ठेवली तर दहा वर्षांनी ती भरून जाते आणि अक्षर म्हणजे एक डाग उरतो. पोकळी, जाडी आणि दोन अक्षरांमधले अंतर यांचा हिशोब लपेटीच्या पेनाने महिनोन्महिने लिहिल्याशिवाय डोळ्यात बसत नाही.

पदवीचे दोष सांगितले नाहीत तर ही माहिती अपुरी राहील. चार वर्षे हा मोठा काळ आहे, आणि त्यातला बराच वेळ कलाकृतीमागची संकल्पना मांडण्यात आणि तिचे समर्थन करण्यात गेला. दुसऱ्याच्या इच्छेचे चित्र, ठरलेल्या मापात, ठरलेल्या दिवशी पूर्ण करण्याची सवय मला पदवीने लावली नाही. ती उपयोजित कलेच्या किंवा इलस्ट्रेशनच्या विभागात अधिक चांगली लागते, कारण तिथे काम दिले जाते, कच्चे आराखडे दाखवावे लागतात आणि दुरुस्त्या निमूटपणे कराव्या लागतात. टॅटू या शब्दावर नाक मुरडणारे शिक्षकही भेटले. त्यांच्याशी वाद घालण्यापेक्षा त्यांच्याकडून रेखाटन काढून घ्यावे, असे मी आज विद्यार्थ्यांना सांगते. डिजिटल माध्यमावर सारा भर देणाऱ्या अभ्यासक्रमांविषयी मात्र माझी हरकत अधिक गंभीर आहे. टॅब्लेटवर कापरी रेघ आपोआप स्थिर करणारी सोय असते आणि चुकलेली रेघ एका क्षणात मागे घेता येते. आराखडे बदलण्यासाठी हे साधन उत्तम आहे, मीही ते रोज वापरते. परंतु केवळ टॅब्लेटवर शिकलेल्या उमेदवाराला कागद आणि शाईचे पेन दिले की रेघ थरथरते, आणि जी कागदावर थरथरते ती त्वचेवर त्याहून अधिक थरथरते.

आता त्या सहा आठवड्यांच्या अभ्यासक्रमाकडे येते. संस्थेचे नाव घेत नाही. पदवी संपल्यावर मला लवकरात लवकर यंत्र हाती घ्यायचे होते, आणि जाहिरातीत सहा आठवड्यांत व्यावसायिक टॅटू आर्टिस्ट होण्याचे आश्वासन होते. पहिल्या दिवशी रोटरी यंत्र, सुयांच्या कार्ट्रिजचा संच आणि सिलिकॉनच्या सराव-त्वचेचे दहा तुकडे मिळाले. रेघेच्या लाइनर आणि छटा भरायच्या शेडर व मॅग्नम सुयांमधला फरक, यंत्राचा वेग, हाताची ठेवण हे सारे तिथे कळले आणि ते चुकीचे नव्हते. पण सराव-त्वचा टेबलावर सपाट पसरलेली असते. ती ताणावी लागत नाही, तिच्यातून रक्त येत नाही, ती श्वास घेत नाही आणि ती कधी बरी होत नाही. बरी होत नाही हाच तिचा मोठा दोष, कारण खोली चुकली की नाही याचा निकाल त्वचा भरून आल्यावरच लागतो. वीस विद्यार्थ्यांमागे एकच शिक्षक होते, आणि माझ्या हाताखालच्या कामाकडे त्यांनी सहा आठवड्यांत किती वेळा वाकून पाहिले हे मी बोटांवर मोजू शकते. जिवंत त्वचेवर एकच टॅटू करून घेतला आणि शेवटच्या दिवशी प्रमाणपत्र दिले.

ते प्रमाणपत्र घेऊन मी माझ्या मैत्रिणीच्या दंडाच्या आतल्या बाजूला तिच्या आजीचे नाव गोंदले. तिथली त्वचा पातळ असते आणि तिला ताण वेगळा द्यावा लागतो, हे मला कोणी सांगितले नव्हते आणि मी विचारलेही नव्हते. त्या दिवशी नाव सुरेख दिसले. तीन आठवड्यांनी ती मला भेटली तेव्हा पहिल्या दोन अक्षरांभोवती निळसर छाया धरली होती. तिने मला कधी बोल लावला नाही, पण तो दंड मला आजही भेटतो. अशा अभ्यासक्रमांना सरसकट निरुपयोगी म्हणणे अन्यायाचे होईल; साधनांची ओळख करून घेण्यासाठी आणि हे काम आपल्याला खरोखर आवडते का हे पडताळण्यासाठी त्यांचा उपयोग आहे. मात्र त्यांच्या प्रमाणपत्राच्या बळावर कोणाच्या शरीराला सुई लावू नये, आणि जी संस्था तशी मुभा देते तिच्यापासून दूर राहावे.

उमेदवारीने मला टॅटू शिकवला. दीड वर्षातले पहिले पाच महिने मी यंत्राला हात लावला नाही. खुर्ची, दिवा, यंत्राची तार, फवारणीची बाटली, ज्याला ज्याला हातमोज्याचा स्पर्श होऊ शकतो ते सारे प्रत्येक ग्राहकाआधी नव्या पातळ आवरणात गुंडाळायचे आणि प्रत्येक ग्राहकानंतर उतरवून टाकायचे, हे माझे पहिले काम होते. ते कंटाळवाणे वाटायचे, जोपर्यंत स्टुडिओतल्या माझ्या सरांनी कारण सांगितले नव्हते: हेपटायटिस बीचा विषाणू शरीराबाहेर, वाळलेल्या रक्ताच्या न दिसणाऱ्या ठिपक्यातही, किमान सात दिवस संसर्गक्षम राहू शकतो. त्यानंतर दिव्याच्या मुठीवरचे आवरण बदलायला मी कधी विसरले नाही. पुन्हा वापरायची साधने ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंश सेल्सिअसच्या दाबाखालच्या वाफेत निर्जंतुक होत, आणि ते यंत्र खरोखर काम करते का हे तपासण्यासाठी उष्णतेला सहज दाद न देणाऱ्या जिवाणूंच्या बीजाणूंची चाचणी ठरावीक काळाने घेतली जाई. तिची वही भिंतीला टांगलेली असे. कोणत्याही स्टुडिओत उमेदवारीसाठी गेल्यावर मी पहिल्यांदा ती वही मागेन. ज्यांच्याकडे सारे साहित्य एकदाच वापरून टाकायचे असते त्यांना ऑटोक्लेव्ह लागत नाही, पण मग वापरलेल्या सुया कुठे जमा होतात आणि त्या कोण घेऊन जाते याचे स्पष्ट उत्तर त्यांच्याकडे असायला हवे.

याच काळात मी तयार फ्लॅश, म्हणजे भिंतीवर लावलेली पारंपरिक चित्रे, ट्रेसिंग कागदावर पुन्हा पुन्हा उतरवली. एकच गुलाब मी कदाचित तीनशे वेळा काढला असेल. सरांनी कधी स्तुती केली नाही. चुकलेल्या जागी पेन्सिलीने एक लहान ठिपका ठेवून ते कागद परत करत. एका संध्याकाळी कागदावर ठिपका नव्हता, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःची पोटरी माझ्यासमोर धरली. मुद्राचित्रणाच्या पाटीने दिलेली रेघ इथे कामी आली. माझ्याबरोबरचा दुसरा उमेदवार माझ्यापेक्षा मेहनती होता, पण त्याला रेखाटनाचा पाया नव्हता आणि त्याच टप्प्यावर पोचायला त्याला माझ्याहून वर्षभर अधिक लागले.

उमेदवारीचा दोष असा की तुम्ही एका माणसाची शैली आणि एका माणसाच्या सवयी शिकता. माझे सर ठळक रेघांच्या पारंपरिक कामात निष्णात होते, पण सूक्ष्म छटांच्या वास्तवदर्शी कामाला त्यांनी हात लावला नव्हता. त्यामुळे मलाही ते पुढे वेगळे शिकावे लागले. म्हणून गुरू निवडताना त्यांची नुकतीच केलेली, चकचकीत छायाचित्रे पाहून भुलू नये. वर्षभर, पाच वर्षे जुनी, पूर्ण बऱ्या झालेल्या टॅटूंची छायाचित्रे मागावीत. ताजे काम प्रत्येकाचेच चांगले दिसते. उमेदवारी किती महिन्यांची, शुल्क आहे की मानधन, जिवंत त्वचेवर काम कधीपासून, आणि उमेदवारी संपल्यावर त्याच स्टुडिओत राहण्याचे बंधन आहे का, हे सारे लेखी घ्यावे. मनासारखे गुरू भेटल्याच्या आनंदात मी ते घेतले नाही, आणि शेवटच्या चार महिन्यांत माझ्या कामाचे पैसे कोणाचे यावरून जो अप्रिय प्रसंग आला तो एका कागदाने टळला असता.

ऑनलाइन वर्गांबद्दल थोडक्यात सांगते. एखादे विशिष्ट तंत्र, उदाहरणार्थ जुन्या टॅटूवर नवे चित्र कसे आखावे किंवा बारीक ठिपक्यांनी छटा कशी द्यावी, हे निष्णात व्यक्तीच्या हाताकडे जवळून पाहत शिकण्यासाठी ते चांगले आहेत, कारण चित्रफीत थांबवून पुन्हा पाहता येते. परंतु तुमच्या हाताचा दाब अधिक पडतो आहे हे पडद्यापलीकडच्या कोणालाही दिसत नाही. ज्याचा पाया तयार आहे त्याने ते घ्यावेत.

परवान्याचा प्रश्न प्रत्येक ठिकाणी वेगळा असतो, आणि शिक्षण निवडण्याआधी तो तपासलाच पाहिजे, नाहीतर दोन वर्षांची उमेदवारी कागदोपत्री शून्य ठरू शकते. अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात परवान्यासाठी किमान ३६० तासांचे प्रशिक्षण आणि ५० पूर्ण केलेली कामे दाखवावी लागतात. अन्यत्र केवळ रक्तातून पसरणाऱ्या रोगांविषयीचे प्रशिक्षण पुरते, तर काही ठिकाणी कोणताच नियम नसतो. शाईचे नियमही बदलत असतात. युरोपीय संघाने जानेवारी २०२२ पासून टॅटूच्या शाईतील हजारो रसायनांवर मर्यादा घातल्या, आणि एक निळे व एक हिरवे रंगद्रव्य, ज्यांवर अनेकांची रंगपेटी उभी होती, त्यांना केवळ आणखी एक वर्षाची मुदत दिली. जो अभ्यासक्रम किंवा जो गुरू शाईच्या बाटलीवरची घटकांची यादी वाचायला शिकवत नाही, त्याने आपल्या विद्यार्थ्याला अर्धवटच तयार केले आहे.

आज मला पुन्हा निवडायचे असते, तर मी दोन वर्षांचा, मुद्राचित्रण आणि मानवाकृती हे दोन्ही विषय आठवड्यातून किमान दोनदा हाताखालून जाणारा पदविका अभ्यासक्रम निवडला असता, अक्षरलेखनाचा सायंकालीन वर्ग जोडला असता, आणि सहा आठवड्यांच्या अभ्यासक्रमाचे पैसे उमेदवारीच्या काळातल्या खर्चासाठी राखून ठेवले असते. पदवीची चार वर्षे मला जड वाटली तरी ज्यांना पुढे शिकवायचे आहे किंवा ज्यांच्या घरून पदवीचा आग्रह आहे, त्यांनी ती करावी. फक्त विभाग विचारपूर्वक निवडावा. प्रवेश घेण्याआधी संस्थेच्या प्रदर्शनाच्या दिवशी जाऊ नये, एखाद्या साध्या मंगळवारी जावे आणि मागे बसून एक रेखाटनाचा वर्ग पूर्ण पाहावा. शिक्षक विद्यार्थ्यांच्या कागदाजवळ थांबतात का, मॉडेल जागेवरून हलते का, खोडरबर किती वेळा उचलला जातो, एवढे पाहिले तरी बरेच कळते. मी माझ्या एका उमेदवाराच्या धाकट्या बहिणीबरोबर असाच एक वर्ग पाहायला गेले होते. तिथल्या बाईंनी वर्गाच्या सुरुवातीला एका डब्यात सर्वांची खोडरबरे गोळा केली, आणि आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिले. तिने तिथेच प्रवेश घेतला आहे.

तिला मी एक काम त्याच आठवड्यात करायला सांगितले, ते इथेही लिहिते. हेपटायटिस बीची लस आधी घेतलेली नसेल, तर त्या लसीच्या नेहमीच्या वेळापत्रकात पहिल्या मात्रेनंतर एका महिन्याने दुसरी आणि सहा महिन्यांनी तिसरी मात्रा असते, आणि शरीरात पुरेशी प्रतिकारशक्ती तयार झाली का हे तपासायचे तर त्यानंतर आणखी एक-दोन महिने थांबून रक्ततपासणी करावी लागते. म्हणजे सुईजवळ बसण्याआधी आठ महिने हाताशी असावे लागतात. पहिली मात्रा प्रवेश-अर्ज भराल त्याच दिवसांत घ्यावी.